मधल्या सीटवरचं बटण

आई,

गाडी आज कल्याणला मिस्त्रींकडे उघडून ठेवली आहे. खालचा लांब शाफ्ट काढून जमिनीवर टाकलाय, त्याच्या मागच्या जॉइंटमधला चार टोकांचा क्रॉस झिजलाय, आणि नवा क्रॉस आणायला मिस्त्रींचा माणूस बाजारात गेलाय. तो येईपर्यंत मला काही काम नाही. एका जुन्या टायरवर बसले आहे. पिशवीत मुलीची कधीची तरी वही सापडली, मागची पानं कोरी आहेत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं. आज तो शाफ्ट जमिनीवर पडलेला बघितला आणि वाटलं, तुम्ही असतात तर आधी उकिडवं बसून तो हाताने फिरवून बघितला असतात. मग मीच बसले आणि फिरवला. एका जागी येऊन अडकत होता. मिस्त्री म्हणाले, "सासूबाईंची सवय लागली वाटतं." त्यांचे केस पार पांढरे झालेत, ऐकायलाही कमी येतं, पण तुम्हाला विसरलेले नाहीत.

मला बघायला तुम्ही टिटवाळ्याला आलेलात तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. माझे वडील विटांचा टेम्पो चालवायचे आणि नदीकाठच्या भट्टीवर मी तो मागेपुढे करायला शिकलेले. ही गोष्ट पाहुण्यांना कळू द्यायची नाही असं माझ्या आईने ठरवलेलं, आणि आमची आत्या नेमकी तेच बोलून गेली. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि सरळ मला विचारलंत, "गारी मागं घेता येते का गो तुला?" तुमच्या बोलीत गाडीची गारी होते हे मला तेव्हा कुठे ठाऊक? मी आईच्या तोंडाकडे बघितलं. मग उमगलं आणि म्हटलं, येते. "सरल का वाकरी?" "सरळ." तुम्ही हसलात आणि बशी उचललीत. बाकीच्यांनी नंतर पत्रिका वगैरे पाहिली, पण लग्न ठरलं ते तेव्हाच, असं मला वाटतं.

तुम्हाला गाडी चालवणारी सून का हवी होती ते लग्न होऊन कोलशेतला आल्यावर कळलं. तुमच्या मुलाला डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्याने गाडी चालवण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याचा हात फायबरच्या होड्यांवर बसलेला. खाडीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो नव्या होड्या घडवायचा, फुटलेल्या दुरुस्त करायचा. होडी पाण्यातून शेडमध्ये आणायला आणि शेडमधून गिऱ्हाइकाकडे पोचवायला दर वेळी दुसऱ्याची गाडी शोधावी लागायची. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी तुम्ही कल्याणच्या बाजारातलं मासळी विकणं थांबवलंत आणि घरात सांगितलंत, आपली गाडी घ्यायची. जुनी डिझेल पिकअप आली, तिला मागे हुक बसला, होडी ठेवायचा ट्रेलर आला. मी चालवायची हे ठरलेलंच होतं. तुम्ही बरोबर येणार हे मात्र मला पहिल्या दिवशी सकाळी कळलं, तुम्ही पदर खोचून गाडीत चढून बसलात तेव्हा. "आई, तुम्ही कशाला?" "होरी आपली हाय ना? तं मी येनार."

आणि बसलात त्या मधल्या सीटवर. खिडकीजवळची जागा रिकामी असताना. बाजारात जाताना वीस वर्षं तुम्ही टेम्पोच्या मधल्या सीटवर बसायचात, खिडकी दुसऱ्या बायकांना द्यायचात, त्याची सवय. मधली सीट म्हणजे बरोबर गिअरबॉक्सच्या वर. बुडाला गरम लागतं, गिअरचा दांडा गुडघ्यांमध्ये येतो, प्रत्येक गिअर टाकताना माझा हात तुमच्या लुगड्याला घासायचा. मला त्याचा राग यायचा. पण त्या जागेवर बसून बसून तुमच्या अंगाला गाडी कळत होती. घोडबंदर रोडवर एकदा तुम्ही म्हणालात, "खालून कोन तरी ठोकतंय." मला काही ऐकू येत नव्हतं. "कानाला नाय येत, कमरेला येतंय. थांबव." थांबवली, खाली वाकून बघितलं, तर शाफ्ट मध्यावर जिथे टांगलेला असतो तिथल्या बेअरिंगचं रबर फाटून लोंबत होतं. आणखी दोन-चार दिवस तशीच पळवली असती तर शाफ्ट रस्त्यावर पडला असता, असं मिस्त्री म्हणाले.

माळशेजचा दिवस मात्र तुम्ही बरोबर असूनही आला. घाटावरच्या एका धरणात मासेमारी करणाऱ्यांची होडी तळाला चिरलेली, ती आणायला आपण गेलेलो. जाताना ट्रेलर रिकामा होता, गाडी आरामात वर चढली. येताना ट्रेलरवर होडी, होडीत तिचं इंजिन, आणि त्या लोकांनी प्रेमाने दिलेली कांद्याची तीन पोती. मुलीच्या शाळेत चार वाजता तिचा नाच होता. मला तो चुकवायचा नव्हता. म्हणून मी उतारालाही चौथा गिअर ठेवला आणि ब्रेकवर पाय दाबून धरला. दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला वास यायला लागला, केस जळल्यासारखा. ट्रेलर मागून ढकलतोय हे तुम्हाला माझ्याआधी कळलं. तुम्ही समोर हात टेकलात आणि विचारलंत, "बरेक लागतंय ना गो?" मी म्हटलं, "हो आई, लागतोय." पेडल तेव्हा तळाला चाललं होतं.

ते पुढचं मिनिट मला आजही जसंच्या तसं दिसतं. मी पेडल सोडते, दाबते, परत सोडते, परत दाबते. पायाला मधेच थोडं काहीतरी लागतं, परत जातं. क्लच मारून, रेस देऊन तिसरा टाकते. इंजिन ओरडतं. पुढे वळण आहे आणि वळणाच्या पलीकडे नुसतं आभाळ आहे. दुसरा टाकायला जाते तर दांडा तुमच्या गुडघ्याला अडतो. तुम्ही दोन्ही पाय उचलून सीटवर घेता, पासष्ट वर्षांची बाई देवळात बसावी तशी मांडी घालून बसता, आणि गिअर पडतो. गाडी एवढी थरथरते की मागे होडी सुटली असं वाटतं. मग हळू होते. मी हँडब्रेक ओढत ओढत डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालते, आणि आपण थांबतो.

तुम्ही आधी उतरलात. दगड शोधून चाकांपुढे लावलेत, एक ट्रेलरलाही. चाकांतून धूर येत होता. मी पाण्याचा कॅन घेऊन धावले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "तापल्या खापरावर पानी वततंस? तरकल ना ते." घरी तुम्ही तांदळाच्या भाकऱ्या मातीच्या खापरावर भाजायचात, आणि मी नवी असताना एकदा त्यावर पाणी शिंपडून त्याचे दोन तुकडे केलेले. मी कॅन खाली ठेवला. मला वाटलं आता तुम्ही जवळ घ्याल, नाही तर देवाचं नाव घ्याल. तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहिलात. "मी इचारलं बरेक लागतंय का. तू हो बोललीस. कला बोललीस?" कला म्हणजे कशाला. मी म्हटलं, "तुम्ही घाबरल्या असतात." "घाबरले असते तं काय केलं असतं मी? उरी मारली असती? आदी सांगितलं असतंस तं पाय आदी उचलले असते!"

एवढं खरं ओरडणं मला कुणाकडून मिळालं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. तुम्ही डबा उघडलात. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी नको म्हणत होते, तुम्ही हातात भाकरी दिलीत, आणि त्याच वेळी कठड्यावरून एक माकड आलं आणि माझ्या हातातली भाकरी घेऊन गेलं. थोडं खाऊन चटणीचा भाग त्याने थुंकून टाकला. तुम्ही त्याला शिव्या दिल्यात त्या इथे लिहीत नाही. मी रडता रडता हसायला लागले.

चाकांतले ब्रेकचे ड्रम थंड व्हायला दीड तास लागला. नाच तर चुकलाच. त्या वेळात नगरकडचा एक ट्रकवाला आपल्याला बघून थांबला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "ताई, ब्रेकच्या भरवशावर घाट उतरू नका. दुसऱ्या गिअरमध्ये चला आणि इंजिनाला धरू द्या." तुम्ही विचारलंत, "तुजी गारी तं यवरी मोठी. ती कशी धरतंस?" तो म्हणाला, त्याच्या ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक आहे. "बटण दाबलं की धुराच्या नळीत झडप बंद होते, मावशी. धूर कोंडतो. मग इंजिनालाच दम लागतो आणि गाडी आपोआप मागे ओढल्यासारखी होते." दुसरं कुणी असतं तर मान हलवून गप्प बसलं असतं. तुम्ही म्हणालात, "दाखव." त्या भल्या माणसाने ट्रक चालू केला. तुम्ही मागे जाऊन धुराच्या नळीसमोर हात धरलात. त्याने बटण दाबलं. इंजिनाचा आवाज एकदम घशात अडकल्यासारखा झाला. तुम्ही हात काळा करून परत आलात आणि मला म्हणालात, "फुकर बंद झाली गो."

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही हे सगळ्यांना समजावून सांगितलंत. गॅस होता, तरी तुमच्या भाकऱ्या मागच्या चुलीवरच व्हायच्या. तुम्ही फुंकणी तोंडाला लावलीत आणि नाच न बघितल्याबद्दल रुसलेल्या नातीला सांगितलंत, पलीकडच्या भोकावर हात ठेव. तिने तळहात घट्ट दाबला. तुम्ही फुंकलंत. गाल फुगले, डोळे मोठे झाले, कपाळावरची शीर वर आली. पोरगी रुसवा विसरून खिदळायला लागली. तुम्ही धापा टाकत म्हणालात, "बग, मना कसा दम लागला. तसाच गारीला लागनार." तुमचा मुलगा म्हणाला, "आये, ते ट्रकला असतं. आपल्या पिकअपला कोण बसवून देणार?"

मिस्त्रींनीही तेच सांगितलं. "मावशी, एवढ्या इंजिनाला झेपायचं नाही. धूर कोंडला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर जोर येतो." तुम्ही ऐकून घेतलंत आणि इथेच, बहुतेक याच टायरवर, बसून राहिलात. पुढच्या आठवड्यात परत. तुम्ही त्यांच्यासाठी सोललेली कोळंबी घेऊन आलात, तर ते माळकरी निघाले. तुम्ही डबा पदराखाली लपवलात आणि मग दर खेपेला घरची वालाची उसळ आणायला लागलात. तिसऱ्या की चौथ्या उसळीनंतर ते म्हणाले, एका मोडीत निघालेल्या छोट्या ट्रकची झडप मिळतेय, तिच्या पात्याला मधे भोक पाडलं तर थोडा धूर निसटत राहील आणि इंजिनावर जास्त जोर येणार नाही. पण आधी गाडीची मागची सगळी ओळ तपासायची. मला त्यांचं ते बोलणं तेव्हा पहिल्यांदा कळलं. इंजिन गाडीला धरून ठेवणार, पण ते धरणं चाकापर्यंत जाणार क्लचमधून, गिअरबॉक्समधून, शाफ्टमधून, मागच्या एक्सलमधून. त्यात एक क्रॉस जरी सैल असला, तर बटण दाबल्यावर नेमका तोच तुटणार, आणि तोही उतारावर. दोन दिवस त्यांनी गाडी अशीच उघडून ठेवली होती. क्रॉस बदलले, क्लचची प्लेट बदलली, मग झडप बसवली.

बटण कुठे लावायचं एवढंच राहिलं. मी स्टिअरिंगजवळ जागा दाखवली. तुम्ही म्हणालात, "हितं नको. मधे लाव, माज्यासमोर." मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. "तिचे दोन हात, दोन पाय सगले कामात. माजे रिकामे हायत." मिस्त्री हसले आणि त्यांनी बटण तुमच्यासमोर लावलं. रागाने माझे कान गरम झाले होते हे आज सांगते. गाडी मी चालवायची आणि तिला रोखायचं तुम्ही, हे मला पटलेलं नव्हतं.

पहिले काही महिने आपण त्या बटणावरून किती भांडलो. त्याची एक गंमत अशी की क्लच दाबला की त्या ब्रेकचा काही उपयोग नाही, इंजिन आणि चाकं सुटी होतात. आणि बटण चालू असताना गिअर बदलायला गेलं की इंजिन मरायला बघतं. म्हणजे मी गिअर बदलायच्या आधी तुम्ही सोडायचं, मी क्लच सोडल्यावर तुम्ही दाबायचं. "सोडा!" "सोरलं!" "अहो आत्ता नको!" "आताच हवं, वलन बग समोर!" मुरबाडच्या बाजारात लोक वळून बघायचे. मग कधीतरी, कुठल्या खेपेला ते आठवत नाही, माझ्या लक्षात आलं की मी 'सोडा' म्हणायचं थांबवलंय. माझा डावा पाय उचलला गेला की तुमचा अंगठा आधीच सुटलेला असायचा. लहानपणापासून तुम्ही वल्हं मारणाऱ्या, समोरच्याचा खांदा बघून हात चालवणाऱ्या. माळशेजच्या त्याच वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, दम धरून, बैलगाडीच्या चालीने उतरायची आणि माझा उजवा पाय नुसता ब्रेकवर टेकलेला असायचा. खाली आल्यावर तुम्ही उतरून ड्रमला हात लावायचात. "कोंबट," म्हणायचात, आणि तुमचा चेहरा जाळ्यात मोठा जिताडा मासा आल्यासारखा खुलायचा.

त्यानंतर सोमवार गाडीचा झाला. सोमवारी घरात मासळी नाही, शेडमध्येही काम कमी. मी ग्रीसगन घेऊन गाडीखाली, तुम्ही बाहेर पाटावर. "फुरचा झाला? मदला? मागचा?" तुमच्या तोंडी पुढचा म्हणजे फुरचा. नुसतं झाला म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही. क्रॉसच्या चारही टोकांतून जुनं काळं ग्रीस बाहेर आलं का, ते बोटाला लावून दाखवायला लागायचं. एका टोकातून नाही आलं तर गाडी बाहेर काढायची नाही. मग इंजिन चालू करून झडप दहा वेळा उघडबंद करायची, नाही तर काजळी बसून पातं अडकतं. हे दहा वेळांचं मिस्त्रींनी सांगितलेलं, पण ते तुम्ही मोजायचात कोळी गाण्याच्या ठेक्यात, आणि कधी कधी गाणं संपेपर्यंत पंधरा व्हायचे.

खाडीचंही तुम्हीच शिकवलंत. होडी पाण्यात सोडताना ट्रेलर मागे घेत घेत गाडीचं मागचं एक्सल पाण्यात जातं. मी लांबून यायचे आणि आल्या आल्या गाडी पाण्यात घालायचे. एकदा त्या एक्सलच्या मधल्या गोळ्यातलं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. मिस्त्री म्हणाले, गरम लोखंड एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ते पाणी ओढून घेतं. तुम्ही मान हलवलीत, जणू तुम्हाला हे माहीत होतं आणि फक्त कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून काठावर आलं की तुम्ही उतरायचात, मागच्या गोळ्यावर तळहात ठेवायचात आणि तो निवेपर्यंत मला पुढे जाऊ द्यायचा नाहीत. गिऱ्हाईक ओरडत असायचं, भरती उतरत असायची. तुम्ही तिथेच चिखलात निवटीचे मासे कसे उड्या मारतात ते बघत बसायचात.

शेवटच्या दोन वर्षांत तुम्हाला गाडीत झोप लागायला लागली. गिअरबॉक्सची ऊब आणि औषधं. सपाट रस्त्यावर मी काही बोलायचे नाही, घाट आला की हळूच "आई" म्हणायचे आणि तुमचा हात बटणाकडे जायचा. एका दुपारी, आपण जुन्नरहून येत होतो, मी दोनदा हाक मारली आणि तुम्ही उठला नाहीत. तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलेलं. हात सोडून बटण दाबणं मला जमलं असतं, अगदीच लांब नव्हतं. पण वाकले असते तर तुमचं डोकं घसरलं असतं. मग पहिला गिअर टाकला आणि तशीच उतरले, पूर्ण घाट, मागे गाड्यांची रांग लावून. एका टेम्पोवाल्याने पुढे जाताना शिव्या दिल्या. पायथ्याला तुम्ही जाग्या झालात, आजूबाजूला बघितलंत आणि घाट मागे गेलेला बघून तुमचा चेहरा उतरला. "मी दाबलं होतं ना गो?" मी म्हटलं, "दाबलं होतंत की. वेळेवर." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलात. मग उतरलात, ड्रमला हात लावलात. कोमट होता. तुम्हाला तेवढं पुरलं की तुम्ही तसं दाखवलंत, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या खोट्याबद्दल मात्र मला कधी वाईट वाटलं नाही.

तुम्ही गेलात ते घरात, सकाळी, पाटावर बसून मुलाला काहीतरी सांगता सांगता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हाला ते माहीतच आहे. तेराव्याच्या आधीच मी गाडी घेऊन इथे आले आणि मिस्त्रींना म्हटलं, बटण माझ्या बाजूला घ्या. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मिस्त्रींनी ते तिथल्या तिथे हलवलं. जुन्या जागी भोक राहिलं, त्यात त्यांनी रबराचं बूच बसवलं.

पंधरा दिवसांनी घाटावरून एक होडी आणायची होती. तुमचा मुलगा म्हणाला, "मी येतो बरोबर, एकटी कशी जाशील?" मी म्हटलं नको. सकाळी लवकर निघाले. होडी ट्रेलरवर बांधली, दोऱ्या ओढून बघितल्या, उतार लागला तशी दुसरा टाकला आणि बटण दाबलं. गाडीने दम धरला. काच खाली होती. गिअरचा दांडा कुठेही न अडता हवा तसा फिरत होता. मी गाणं म्हणत होते, मोठ्याने, बेसूर. करवंदं विकायला बसलेल्या बायका हसल्या, मी हात केला. मुरबाडला भजीच्या कढईसमोर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, सगळा घाट उतरून आले आणि तुमची आठवण एकदाही आली नाही. वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघितली, पण नाही वाटलं. फार बरं वाटत होतं, आई. भूक लागली होती, दोन प्लेट खाल्ल्या.

मिस्त्रींचा माणूस क्रॉस घेऊन आलाय, मिस्त्री हाका मारताहेत. ही वही परत पिशवीत जाईल, तिथून कपाटात. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी आलेली पत्रं, लग्नपत्रिका, सगळं मीच वाचून दाखवायचे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. तुम्ही असतात तर हेही मीच वाचून दाखवलं असतं, आणि मुरबाडच्या भज्यांपर्यंत यायच्या आधीच मी "झालं, संपलं" म्हणून वही मिटली असती.